पोरीला दिसेल अशी जागा

माझ्या थोरल्या बहिणीच्या, गोदाक्काच्या सासरी एक रीत होती. घरातलं कुणी जत्रेला, कुस्त्यांना, लग्नाला, कुठंही काही बघायला गेलं, की परत आल्यावर त्यानं ते घरी राहिलेल्यांना सांगायचं. म्हणजे नुसतं ‘छान झालं’ असं नाही, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत, समोर उभं राहील असं सांगायचं. गोदाक्काचे सासरे तात्या यात फार तरबेज होते. शिराळ्याच्या नागपंचमीहून किंवा कुठल्या कुस्त्यांच्या फडावरून ते आले, की रात्रीची जेवणं लवकर उरकत. सोप्यात घोंगडं पडे, भाजलेल्या शेंगांची पाटी मध्ये येई आणि तात्या सांगायला लागत. कुणी पट काढला, कुणाचा पाय कुठं घसरला, हरलेल्या गड्यानं मातीत बसून आधी काय केलं, तर लंगोट नीट केला. आत माजघरात जात्याची घरघर थांबायची. दाराआड बायका उभ्या असायच्या, पण बांगडीचा आवाजसुद्धा यायचा नाही. सांगताना जो अडखळला तो तिथं गेलाच नव्हता, कुठंतरी चहा पीत बसला होता, असं तात्या धरून चालत आणि तसं तोंडावर बोलून दाखवत.

गोदाक्काचं गाव शिराळ्याच्या अलीकडं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. दाजी पलटणीत होते. लढाई चालू होती आणि ते नेमके कुठं आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. घरात तात्या, गोदाक्का आणि तिची मुलगी शेवंता. मी सुट्टीत आमच्या घरी थोडा आणि गोदाक्काकडं जास्त असायचो. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याचा मला अभिमान होता आणि त्याहून जास्त संकोच होता. तात्या मला ‘पाव्हणं’ म्हणत, पण त्यांच्या तोंडून ते ‘कालेजातलं पाव्हणं’ असं आलं की माझे कान गरम व्हायचे.

शेवंता तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. मला या पोरीचं फार कुतूहल वाटायचं. भाकरी थापण्याच्या आवाजावरून ती परसातूनच ओळखायची, की आज ज्वारीची आहे की बाजरीची. वाटेनं कोण चाललंय हे वहाणेच्या करकरीवरून सांगायची. जेवायला बसली की ताटात तोंड घालायची. तात्या म्हणायचे, ‘अधाशी हाय लेकाची.’ मुंग्यांची रांग दिसली की जमिनीला गाल लावून तास तास पडून राहायची, आणि उठली की मुंगीला किती बारीक मिशा असतात ते मला समजावून सांगायची. मुंगीच्या मिशा मी तोपर्यंत पाहिल्या नव्हत्या. ही पोर मंद आहे असं मला कधी वाटलं नाही. पण शाळेतल्या मास्तरांना वाटायचं. पाढे तिला तोंडपाठ होते, कविता एकदा ऐकली की यायची, पण फळ्यावरचं अक्षर विचारलं की ती मास्तरांच्या तोंडाकडं कान करून गप्प उभी राहायची. पाटीवर लिहायला दिलं तर पाटीवरच आडवी व्हायची.

त्या सुट्टीत मास्तर एकदा घरी आले आणि सोप्यात बसून म्हणाले, “तात्या, रागावू नका. पोरगी फळ्याकडं बघतच नाही. मारून झालं, समजावून झालं. लक्षच नाही तिचं.”

मास्तर गेल्यावर तात्या बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग आतल्या दाराकडं बघून म्हणाले, “गोदे, दिवाळी झाली की शाळा बास. पोर वाईट न्हाई, पर डोस्कं पातळ हाय. शेरडं राखंल, तुला हाताखाली हुईल.”

गोदाक्का आत चुलीपुढं होती. सासऱ्यापुढं बोलायची पद्धत नव्हती. पण आतून भाकरी थापल्याचा आवाज एकदम मोठा झाला. मीच कसाबसा म्हणालो, “आवं तात्या, पोरीला डोस्कं हाय. मी बघितलंय.”

“काय बघितलंय?”

मला सांगता येईना. मुंगीच्या मिशा सांगितल्या तर ते हसले असते. माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. म्हणालो, “सांगलीला एक नाटक लागलंय. तिला बघू द्या, आन् मग तुमीच तिच्याकडनं सांगून घ्या. तुमच्यासारखं सांगती का न्हाई बघा.”

हे मला कसं सुचलं ते आजही कळत नाही. बहुधा मी स्वतःच त्या वर्षी पहिल्यांदा नाटक पाहिलं होतं, आणि ते पाहून डोक्यातलं एक बंद दार उघडल्यासारखं मला झालं होतं म्हणून असेल. तात्यांना मात्र ही गोष्ट पटली. दुसऱ्या कुठल्या परीक्षेवर त्यांचा विश्वास नव्हता, पण बघून सांगणं ही त्यांची स्वतःची परीक्षा होती. ते म्हणाले, “बरं. हळद घिऊन मला सांगलीला यायचंच हाय. पोरीला आणतो. बघून नीट सांगितलं तर शाळा चालू. न्हाई सांगितलं तर पाव्हणं, पुना त्वांड उघडायचं न्हाई.”

म्हणजे आता सगळं बसायच्या जागेवर येऊन ठेपलं. पोरीला दिसलंच नाही तर ती सांगणार काय? मी सांगलीला, कॉलेजात परत आल्याबरोबर नाटकगृहात गेलो. रविवारचा दुपारचा खेळ तात्यांना सोयीचा होता, कारण ते ज्या आडत्याकडं उतरत तो जैन, आणि त्याच्या घरी दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जात. तिकिटं देणाऱ्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी खिडकीतून पुठ्ठ्यावर आखलेला जागांचा नकाशा पुढं सरकवला. मी म्हणालो, “नकाशावरून नाही समजायचं. मला आत जाऊन बसून बघायचंय. मूल लहान आहे.”

“कुणाचं मूल?”

“भाची आहे.”

“मग बसा जाऊन. नाटकगृह आता तसंही उंदरांचंच आहे.”

दिवसाउजेडी रिकामं नाटकगृह मी पहिल्यांदाच पाहत होतो. ओल्या तागाचा आणि जुन्या रंगाचा वास होता. पुढं वेताच्या खुर्च्या, त्यांच्या मागं पाठीची बाकं, त्यामागं बिनपाठीची, आणि वर बायकांसाठी माडी. शेवंताचं डोकं माझ्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीला लागायचं. म्हणून मी बाकाच्या पुढं चवड्यांवर बसून, बसलेल्या शेवंताएवढा होऊन बघायला लागलो. अगदी पुढं बसलं तर रंगमंचाची कड नाकाशी येत होती, आणि तिथंच पेटीवाला-तबलजी बसणार. तिथून पोरीला नुसते पायाचे घोटे दिसले असते. माडीवर मला जाता येणार नव्हतं. कडेला खांब आडवे येत होते. या बाकावरून त्या बाकावर असा मी बेडकासारखा फिरत होतो, आणि दारात अण्णा कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही.

“अहो, लग्नाला मुलगी बघायला जातात तीसुद्धा माणसं इतका वेळ घेत नाहीत,” ते म्हणाले. “काय पसंत पडलं का एखादं बाक?”

शेवटी मला पसंत पडलं ते पाठीच्या बाकांच्या दुसऱ्या रांगेतलं, मधल्या वाटेला लागून असलेलं टोक. तिथून रंगमंच पुरा दिसत होता, फार वर मान करावी लागत नव्हती, आणि एका बाजूला वाट मोकळी होती. एवढी चांगली जागा आपण हुडकून काढली याचं मला फार समाधान वाटलं. आज माझी नातवंडं कुठंही बसतात आणि तक्रार करतात, तेव्हा मला ते बाक आठवतं. एखाद्या मुलासाठी एवढ्या विचारानं मी नंतर फारसं काही निवडलेलं नाही.

रविवारी तात्या आणि शेवंता आले. गोदाक्कानं फडक्यात दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती. शेवंताला नवं परकर-पोलकं होतं आणि तिच्या केसांना इतकं तेल होतं की दोन्ही कानांवर ओघळ आले होते. मोटारीतून येताना तिनं तात्यांना विचारून विचारून बेजार केलं होतं. “पोरीनं डोस्कं खाल्लं,” तात्या म्हणाले. पण फेटा त्यांनी मुद्दाम नवा, पांढराशुभ्र, कडक बांधला होता.

आम्ही जागेवर बसलो. मी शेवंताला टोकाला बसवलं, मी मध्ये, पलीकडं तात्या. धुपाचा वास आला, आत नारळ फुटल्याचा आवाज झाला, घंटा झाली. आणि पडदा वर जाता जाता एक आडदांड गृहस्थ वाटेनं धापा टाकत आले आणि बरोबर शेवंताच्या पुढच्या जागेवर बसले. त्यांच्या डोक्यावर लाल जरीकाठी फेटा होता, आणि त्याचा तुरा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा. मी ज्या दिवशी जागा बघितली त्या दिवशी नाटकगृहात डोकी नव्हती आणि डोक्यांवर फेटे नव्हते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नाटक कुठल्याशा राजाचं आणि त्यानं वनवासात धाडलेल्या राणीचं होतं. गाणी चांगली होती. पण माझं लक्ष शेवंताकडं होतं. ती खाली मांडीकडं बघत होती, मान जराशी वाकडी करून.

“दिसतंय का गं?” मी हळूच विचारलं.

“न्हाई.”

बराच वेळ धीर गोळा करून मी पुढं वाकलो आणि त्या गृहस्थांच्या कानाशी म्हणालो, “माफ करा, मागं लहान पोर आहे. तेवढा फेटा जरा…”

ते सावकाश मागं वळले. “जरा काय?”

“उतरवून मांडीवर घेतला तर…”

“भर सभेत बोडकं बसू? आमच्या घरात कुणी मेलं व्हय रं?”

आजूबाजूची चार माणसं वळली. तात्यांनी माझ्या मांडीवर जोरात थापटलं. “पाव्हणं, काय बोलताय? डोईचं काडाय सांगत्यात व्हय कुणाला?” मग त्या गृहस्थांना ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पाटील. पोरगं शिकलेलं हाय, त्याला कळत न्हाई.”

मी शेवंताला उचलून मांडीवर घेतलं. आता तिचं डोकं लाल तुऱ्याच्याही वर होतं. समोर सगळा रंगमंच होता. “आता दिसतंय?” म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, “न्हाई.” आणि मान वाकडी करून माझ्या खांद्याकडं बघत बसली. तात्यांनी माझ्याकडं एक नजर टाकली. मास्तर म्हणाले तेच आहे, अशी ती नजर होती.

पहिला अंक संपला. लोक चहाला उठले. दारं उघडल्यानं आत दुपारचा उजेड आला. तात्या पोरीकडं वळले. “हं शेवंते, सांग बघू. काय बघितलंस?”

शेवंता उठून वाटेत उभी राहिली आणि तिनं राणीच्या पहिल्या पदाच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या, चालीवर, हरकतीसकट. मग प्रधानाचं खाकरणं केलं. मग राणीचं रडणं असं केलं की चहाला निघालेली दोन माणसं थांबली. लाल फेटेवाले पाटीलसुद्धा हसले. तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “आयला,” ते म्हणाले. “आन् राजा? राजाच्या अंगावर काय हाय?”

“उजेड हाय,” शेवंता म्हणाली.

“उजेड? अगं, कापडं कसली हायत?”

तिनं मान वाकडी केली.

“बरं, त्वांड कसं हाय त्याचं? रागीट हाय का गरीब हाय?”

शेवंतानं तात्यांच्या आवाजाकडं तोंड केलं आणि ती अगदी खरं वाटून म्हणाली, “नाटकातल्या मान्सांना त्वांड नसतंय न्हवं, तात्या?”

तात्या चिडले. त्यांना ती चेष्टा वाटली. पण मला एकदम मुंगीच्या मिशा आठवल्या. मी तिच्यापुढं चवड्यांवर बसलो, परवा बसलो होतो तसा. विचारलं, “मला हाय का त्वांड?”

“तुमाला हाय की. जवळ आल्यावर असतंय.”

मी तिचा हात धरला आणि मधल्या वाटेनं पुढं निघालो. रंगमंचावर दोन अंकांमधला रंगवलेला पडदा पडला होता. त्यावर बाग आणि बागेत दोन मोठे मोर होते. “पडद्यावर काय हाय?” मी विचारलं. “हिरवं,” ती म्हणाली. खुर्च्यांपाशी आलो. “आता?” “हिरवं आन् निळं.” पहिली रांग ओलांडली. “निळं हलतंय का काय?” ती स्वतःच म्हणाली आणि पाय उचलायला लागली. तबलजी घाम पुसत बसला होता. त्याच्या बाजूनं मी तिला उचलून रंगमंचाच्या कडेवर ठेवलं. ती पडद्याजवळ गेली, अजून जवळ गेली, आणि नाक कापडाला टेकायच्या बेतात आलं तेव्हा ओरडली, “मोर! मामा, मोर हाय! त्याला डोळा हाय!”

“अहो, अहो!” दारातून अण्णा धावत आले. “पडद्याला हात नाही लावायचा! आणि हे तुमचं बाक आहे का?”

“अण्णा, पोरीला लांबचं दिसत नाही,” मी म्हणालो. मोठ्यानं बोललो असणार, कारण मागं माणसं गप्प झाली. माझ्या आयुष्यात मी गर्दीत एवढ्या मोठ्यानं बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

तात्या बाकापाशीच उभे होते. त्यांचा विश्वास बसला नव्हता. दुसऱ्यानं सांगितलेल्यावर विश्वास ठेवायची त्यांची सवयच नव्हती. त्यांनी तिथूनच हाक दिली, “शेवंते! हिकडं बघ. माज्याकडं.” तिनं आवाजाकडं तोंड वळवलं. तात्यांनी दोन्ही हातांनी तो नवा फेटा डोक्यावरून उचलला आणि पाठीमागं धरला. बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांचं त्यांचं डोकं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भरल्या नाटकगृहात, दारातून आलेल्या उन्हात, ते बोडके उभे होते.

“माज्या डोईवर काय हाय गं?”

शेवंता हसली. असला सोपा प्रश्न कुणी विचारतं का, असं. “फेटा हाय की,” ती म्हणाली.

कुणीतरी मागून पुटपुटलं, “काय झालं, म्हाताऱ्याच्या घरात कुणी गेलं का?” त्यावर लाल फेटेवाले पाटीलच गुरगुरले, “गप रं. तुला कळत न्हाई.”

दुसऱ्या अंकाला अण्णांनी तिला पुढंच राहू दिलं. तबलजीच्या शेजारी, पेटीला टेकून, जिथून नुसते घोटे दिसतील म्हणून मी नाकारलेली जी जागा होती, तिथंच शेवंता उभी राहिली आणि रंगमंचाच्या कडेवर हनुवटी टेकवून बघायला लागली. राजा पश्चात्तापाचं मोठं भाषण म्हणत पुढं पुढं आला, अगदी कडेपर्यंत, आणि गुडघ्यावर बसला. सगळं नाटकगृह शांत होतं. तेवढ्यात तिचा आवाज घुमला, “मामा, राजाला नाक हाय! आन् मिशी चिकटवलीया!” जो हशा उसळला त्यात राजाचं पुढचं वाक्य वाहून गेलं. बिचारा नट. पण त्यानं एकदा खाली तिच्याकडं पाहिलं आणि खोट्या मिशीच्या कडेनं तोही हसला, आणि तिनं तेही पाहिलं, कारण नंतर कित्येक वर्षं ती ते सांगत असे.

पुढं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाणं झालं, चष्मा झाला, गावातली पोरं ‘चार डोळी’ म्हणून मागं लागली, ते सगळं वेगळं आहे. हल्ली शाळेत मुलांचे डोळे तपासतात. तेव्हा आमच्याकडं डोळा म्हणजे आलेला, गेलेला किंवा फुटलेला एवढंच माहीत होतं. धुरकट दिसणारा डोळा असतो आणि त्यात बसलेल्या पोराला ते धुरकट आहे हे कळतच नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार?

नाटक सुटलं तेव्हा उन्हं कलली होती. आडत्याकडची ताटं वाट बघत असणार. माझ्या मनात तात्यांना सांगायचं मोठं भाषण तयार होतं, मुलींच्या शिक्षणावर, वक्तृत्वाच्या स्पर्धेत ऐकलेल्या शब्दांचं. मी घसा साफ केला. “तात्या, मला असं वाटतं की…”

“मास्तरला सांगतो,” तात्या म्हणाले. “पोर फळ्याफुडं बसंल. फळ्याला नाक लावून बसंल. बघतो कोण उठवतंय.”

माझं भाषण तिथंच संपलं. आम्ही नाटकगृहाच्या पायऱ्या उतरलो. शेवंता राजाच्या मिशीबद्दल बोलतच होती. तात्या तिच्या पुढं चार पावलं चालत होते, ते मध्येच थांबले. म्हणाले, “पाव्हणं, ही पोर माज्याकडं बघून कवा हसत न्हाई. मला वाटायचं, माजा धाक हाय तिला.” तात्या उंच माणूस. त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचायला मलासुद्धा मान वर करावी लागे, आणि घरात पोरांना उचलून घ्यायची बाप्यांची पद्धत नव्हती.

त्यांनी वहाणा काढून जरा मागं सारल्या, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या मध्ये, ते उकिडवे बसले. शेवंताला दोन्ही दंडांना धरून त्यांनी जवळ ओढलं, आणखी जवळ, तिचं नाक त्यांच्या नाकाशी येईपर्यंत.

“बघ,” ते म्हणाले. “घाई न्हाई. नीट बघून घे.”

शेवंतानं बघितलं. मुंगीकडं बघायची तशी, सावकाश, एका कडेपासून. भुवया बघितल्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या बघितल्या, एका बोटानं मिशीला हात लावला आणि ती चिकटवलेली नाही याची खात्री केली. मग मागं सरून तिनं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

“तात्या, तुमी लय म्हातारं हायसा की!”

“व्हय बाई,” तात्या म्हणाले. “झालोय खरा.” आणि बसल्या जागी ते असे हसायला लागले, की त्यांना हात देऊन उठवावं लागलं.